लिलावातली जीटीओ: कागद आधी, पत्रा नंतर, रंग सगळ्यांत शेवटी

1964 साली पॉन्टिॲक कंपनीत जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं 389 घन इंचांचं इंजिन बसवलं. मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक असा, की या आकाराच्या गाडीला 330 घन इंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही. पण जादा पैसे भरून घ्यायच्या सोयींच्या यादीला हा दंडक लागू नव्हता. मग जीटीओ स्वतंत्र मॉडेल म्हणून न येता लेमान्सच्या ऑप्शनच्या यादीतली एक ओळ म्हणून बाजारात आली. पाच हजार गाड्या तरी खपतील का, अशी विक्री विभागाला शंका होती. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या आणि अमेरिकेत मसल कारचं युग सुरू झालं.

हा इतिहास आज गाडी घेणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. जी गाडी यादीतल्या एका ओळीमुळे वेगळी ठरली, तिचा खरेपणा सिद्ध करायलाही ती यादीच लागते. बाहेरून लेमान्स आणि जीटीओ यांच्यात फरक कशाचा? बॉनेटवरच्या खोट्या हवाझडपा, मडगार्डवरची नावाची पट्टी, पुढची जाळी. हे सगळं आज नवं बनवलेलं विकत मिळतं. त्यामुळे साधी लेमान्स आणून तिला जीटीओचा वेश चढवणं फार अवघड नाही, आणि गेल्या काही दशकांत असे वेश भरपूर चढवले गेले आहेत.

मिशिगनमध्ये ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या भागांत वाहन उद्योगात काम करणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांतले कित्येक जण पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करून तिकडे गेलेले. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तेव्हा फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या मनात ‘आपलीही एक असावी’ हा विचार आल्याशिवाय राहत नाही. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियातही तेच. आता अशी गाडी शोधायला गावोगाव हिंडावं लागत नाही. ब्रिंग अ ट्रेलर, हेमिंग्ज, ई-बे मोटर्स यांच्या ऑनलाइन लिलावांत ती घरबसल्या समोर येते. मात्र फोटो बघून पाच आकडी डॉलर मोजायचे असतील, तर बघायचं कसं ते आधी शिकावं लागतं. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरण एकच धरतो: 1967 ची उघड्या टपाची जीटीओ. बाकीच्या गाड्यांना पद्धत बहुतेक तीच लागते.

1967 च का? दिसायला 1966 ची जीटीओ जवळजवळ तशीच आहे आणि तिच्यात तीन कार्ब्युरेटरचं ते प्रसिद्ध ट्राय-पॉवर मिळतं. हौशी मंडळी त्यामागे धावतात. पण गाडी चालवायची असेल, तर माझं मत स्पष्टपणे 1967 च्या बाजूने आहे. त्या वर्षी ब्रेकचा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा झाला, म्हणजे एका बाजूची लाइन फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक लागतात. धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा आला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मागवता येऊ लागले. ऑटोमॅटिकमध्ये दोन गिअरच्या जागी तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक 400 आला, जो आजही सहज दुरुस्त होतो. इंजिन 400 घन इंचांचं, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं झालं. त्या वर्षीच्या 81,722 जीटीओंपैकी 9,517 उघड्या टपाच्या होत्या. म्हणजे गाडी दुर्मीळ नाही, चांगली मात्र शोधावी लागते. एक गेली तर दुसरी येणारच आहे. लिलावात भाग घेणाऱ्याने ही गोष्ट मनाशी पक्की ठेवावी, बोलीच्या वेळी तिचा फार आधार वाटतो.

आता कागद. विक्रेत्याच्या वर्णनाआधी गाडीचा क्रमांक वाचा. तेव्हा तो आजच्यासारखा सतरा अक्षरांचा नव्हता. सतरा अक्षरांचा नियम 1981 पासूनचा. 1967 च्या जीटीओचा क्रमांक चालकाच्या बाजूच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर, दार उघडल्यावर दिसणाऱ्या पट्टीवर असतो. तो 242677P असा सुरू झाला, तर फोड अशी: 2 म्हणजे पॉन्टिॲक, 42 म्हणजे जीटीओ, 67 म्हणजे कन्व्हर्टिबल बॉडी, 7 म्हणजे 1967 चं मॉडेल आणि P म्हणजे मिशिगनमधल्या पॉन्टिॲक गावचा कारखाना. B असेल तर बाल्टिमोर, K असेल तर कॅन्सस सिटी, Z असेल तर कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉन्ट. त्यापुढे गाडीचा अनुक्रम.

या दोन-तीन आकड्यांत बरंच काही लपलेलं आहे. 42 च्या जागी 37 दिसलं, तर ती लेमान्स आहे, वर कितीही पट्ट्या लावलेल्या असोत. 67 च्या जागी 17 दिसलं, तर ती जन्माने हार्डटॉप आहे आणि कुणीतरी छप्पर कापून ती ‘कन्व्हर्टिबल’ केली आहे. अशी गाडी कुठल्याही किमतीला घेऊ नये. छत काढल्यावर गाडीला ताठ ठेवणारी जी चौकट आणि जादा मजबुती कारखान्यात दिली जाते, ती तिच्यात नसते. इंजिनामागच्या पत्र्यावर बॉडीची वेगळी पट्टी असते. तिच्यावरही 67-24267 असा शिक्का, कारखान्याचं संक्षिप्त नाव, आतल्या सीटकव्हरचा आणि रंगाचा संकेत असतो. दोन्ही पट्ट्यांचे जवळून घेतलेले, स्पष्ट फोटो लिलावाच्या पानावर नसतील तर मागून घ्या. पट्टी ज्या रिव्हेटनी बसवली आहे, ते रिव्हेटही दिसले पाहिजेत. नवे चकचकीत किंवा साधे पॉप रिव्हेट दिसले तर थांबा. गाडीची क्रमांकपट्टी काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत गंभीर गुन्हा आहे.

वर जे 42 म्हटलं, ते 1966 ते 1971 च्या गाड्यांना लागू. 1964 आणि 1965 मध्ये जीटीओ फक्त ऑप्शन होती, त्यामुळे क्रमांक लेमान्सचाच. तिथे क्रमांकावरून काहीच ठरत नाही. तिथे आणि खरं तर प्रत्येक जीटीओसाठी पीएचएस म्हणजे पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचा कागद मागायचा. कारखान्याने डीलरला पाठवलेल्या मूळ बिलाची नक्कल त्यांच्याकडे क्रमांकावरून मिळते. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, रंग, टपाचा रंग, रेडिओ, पॉवर ब्रेक, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. गाडीच्या किमतीपुढे या कागदाचा खर्च काहीच नाही. ‘पीएचएसचे कागद आहेत’ असं नुसतं लिहिलेलं पुरे नाही, त्यांचा फोटो हवा. आणि त्यातली एकेक ओळ समोरच्या गाडीशी ताडून बघायला हवी. कागदावर ऑटोमॅटिक आणि गाडीत फोर-स्पीड असेल, तर कधीतरी गिअरबॉक्स बदलला आहे. त्यात पाप काही नाही. पण ते वर्णनात लिहिलेलं आहे का आणि किमतीत दिसतंय का, हे बघायचं.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. 1967 आणि त्यानंतरच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो, तो जवळजवळ पीएचएसइतकाच कामाचा. प्लिमथ आणि डॉजच्या क्रमांकातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, शिवाय मडगार्डच्या आतल्या बाजूला सांकेतिक पट्टी असते. सगळ्यांत जास्त सांभाळून राहायचं ते शेव्हरोले शेव्हेलच्या बाबतीत. 1966 ते 1968 मधल्या एसएस 396 ला स्वतःचा 138 हा क्रमांक होता. 1969 पासून एसएस ऑप्शन झाली, आणि शेव्हरोलेकडे अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या गाड्यांचे असे मागवता येण्याजोगे तपशील नाहीत. कारखान्यातली मूळ बिल्ड शीट, जी कधीकधी सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेली सापडते, ती नसेल तर 1970 ची ‘एसएस’ ही निव्वळ विक्रेत्याच्या शब्दावरची असते.

मग वेश चढवलेली गाडी घ्यायचीच नाही का? घ्यावी, लेमान्सच्या भावात आणि ती लेमान्स आहे हे लिहून दिलं असेल तर. 400 घन इंचांच्या इंजिनाची, नीट बांधलेली, प्रामाणिकपणे ‘क्लोन’ म्हणून विकलेली लेमान्स कन्व्हर्टिबल रविवारी सकाळी चालवायला जीटीओइतकाच आनंद देते. ‘मॅचिंग नंबर्स’चा, म्हणजे मूळ इंजिन मूळ गाडीत असण्याचा आग्रह संग्राहकाने जरूर धरावा. 2014 मध्ये मेकम या लिलाव कंपनीच्या सिअॅटल लिलावात 1971 ची हेमी इंजिनाची प्लिमथ कूडा कन्व्हर्टिबल 35 लाख डॉलरला गेली ती अशाच खरेपणाच्या आणि दुर्मीळपणाच्या जोरावर. ज्याला गाडी घरच्यांना घेऊन आइसक्रीम खायला न्यायची आहे, त्याने त्याच काळातलं, त्याच मापाचं बदललेलं इंजिन असलेली गाडी घेऊन उरलेले पैसे ब्रेक आणि टायरवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

कागद पटले की पत्रा. जुन्या गाडीत इंजिन दुरुस्त करणं हा ठरावीक खर्चाचा प्रश्न असतो. गंजाचा खर्च कुठे थांबेल ते मात्र कुणी सांगू शकत नाही. उघड्या टपाच्या गाडीत तर सगळं ओझं खालच्या चौकटीवर असतं. या जीटीओत बॉडी वेगळी आणि खालची लोखंडी फ्रेम वेगळी आहे. हार्डटॉपची फ्रेम बाजूने उघडी, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची असते; कन्व्हर्टिबलची मजबुतीसाठी चारही बाजूंनी बंद, डब्यासारखी. दुखणं याच मजबुतीत आहे. डब्यात शिरलेलं पाणी आणि बर्फावर टाकलेलं मीठ बाहेर पडत नाही. फ्रेम आतून कुजते, आणि बाहेरून काळा रंग मारला की फोटोत ती नव्यासारखी दिसते.

मागच्या चाकांच्या वर, जिथे फ्रेम आसावरून वळसा घेऊन जाते, ती जागा पहिली बघा. तिथला फोटो नसेल तर खुशाल लिहा: ‘दोन्ही बाजूंना मागच्या आसाच्या वरच्या फ्रेमचे, खालून टॉर्च मारून घेतलेले फोटो टाकाल का?’ त्यानंतर बॉडी फ्रेमवर जिथे रबरी गादीवर टेकते ते सगळे सांधे. त्यानंतर डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या पॅनेलची चाकामागची खालची कड, दाराखालची लांब पट्टी आणि काचेच्या तळाशी असलेला पत्रा. ताजा, एकसारखा, दाट काळा थर सगळ्या तळावर दिसला तर सावध व्हा. जुन्या गाडीचा तळ थोडा धुळकट, थोडा तांबूस, टाके दिसणारा असला तर उलट बरं वाटलं पाहिजे, कारण तो काही लपवत नाही.

फ्रेम खाली बसली आहे की नाही, हे दारं सांगतात. बाजूने, गाडीच्या मध्यावर उभं राहून, दार बंद असताना घेतलेला सरळ फोटो मोठा करून बघा. दार आणि मागचं पॅनेल यांच्यातली फट वर आणि खाली सारखी आहे का? वर निमुळती आणि खाली रुंद असेल, तर गाडी मध्यावर वाकली आहे. दार उघडताना-लावतानाचा व्हिडिओ मागवा. दार लावायच्या क्षणी ते वर उचलावं लागतंय का ते बघा. बिजागऱ्या झिजल्या असतील तर स्वस्तात सुटलात. फ्रेम वाकली असेल तर ती गाडी सोडून द्या. हे दोन्ही फोटोवरून वेगळं ओळखता येत नाही, त्यासाठी माणूसच पाठवावा लागतो. त्याबद्दल पुढे.

गाडी कुठे राहिली, हे विचारायला विसरू नका. ओहायो, मिशिगन, न्यू यॉर्क या मिठाच्या पट्ट्यात आयुष्य काढलेली गाडी आणि ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतली गाडी यांच्या तळात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वाळवंटातल्या गाडीचा डॅशबोर्ड फुटलेला असेल, सीट कडक झाल्या असतील, टपाचं कापड करपलेलं असेल. हे सगळं बदलता येतं. पॉन्टिॲकचे सुटे भाग विकणाऱ्या एम्स परफॉर्मन्स, ओपीजीआय यांच्यासारख्या कंपन्यांकडे सीटच्या कव्हरपासून मडगार्डपर्यंत जवळपास सगळं मिळतं. सडलेल्या फ्रेमवर असा सोपा उपाय नाही.

टप वर-खाली होतानाचा अखंड व्हिडिओ हवा, मध्ये कापलेला नको. पॉवर टप असेल तर मागच्या सीटच्या पाठीशी मोटर आणि हायड्रॉलिक सिलिंडर असतात; गळती असेल तर तेल मागच्या सीटखाली उतरतं. दुमडलेला टप ज्या खळग्यात बसतो, तिथे पाणी साठतं आणि खालून डिकीचा पत्रा खातं. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर ती पिवळी पडली आहे का, शिवण उसवली आहे का ते बघा. नवा टप बसवणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ते करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. त्यामुळे ‘टप फक्त बदलायचा आहे’ या वाक्यातल्या ‘फक्त’वर जाऊ नका.

इंजिनाबद्दल एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे हे आधी दाखवायला सांगा. सुरू होताना सायलेन्सरमधून निळा धूर निघतो का, तेलाचा दाब किती दाखवतो, खालून ठोकल्यासारखा आवाज येतो का, हे त्यात कळतं. मग गरम झाल्यावर पुन्हा बंद करून सुरू करणं, आणि गाडी रस्त्यावर सगळ्या गिअरमध्ये चालवणं. इंजिनाचा दोन अक्षरी संकेत ब्लॉकच्या पुढच्या भागावर, प्रवाशाच्या बाजूला कोरलेला असतो. 1967 च्या 335 अश्वशक्तीच्या इंजिनाला मॅन्युअल गिअरबरोबर WT आणि ऑटोमॅटिकबरोबर YS अशी अक्षरं. शेजारीच इंजिनाचा अनुक्रम असतो; तो पीएचएसच्या कागदाशी जुळला तर इंजिन मूळचं. 1968 पासून गाडीच्या क्रमांकाचा भाग इंजिनावरही येऊ लागला, म्हणून पुढच्या वर्षांच्या गाड्यांत हे ताडणं सोपं जातं. ती 335 अश्वशक्तीही त्या काळच्या मापाने. पट्टे-पंखे काढून, उघड्या इंजिनावर मोजलेली. 1972 पासून माप बदललं, त्यामुळे दोन वर्षांच्या आकड्यांची सरळ तुलना करू नये.

एवढं सगळं फोटोत आणि व्हिडिओत पटलं, तरी बोलीआधी माणूस पाठवा. त्या गावातला जुन्या पॉन्टिॲकची जाण असलेला मेकॅनिक किंवा स्वतंत्र तपासनीस काही शे डॉलर घेऊन गाडी लिफ्टवर चढवून बघतो, रंगाची जाडी मोजतो, कुठे पुट्टी भरली आहे ते सांगतो, फ्रेमवर हातोडीने टकटक करतो. लिलाव सहसा आठवडाभर चालतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांतच हे ठरवावं लागतं. विक्रेत्याने तपासणीला नकार दिला, तर कारण न विचारता पुढच्या गाडीकडे वळावं. आपल्या ओळखीचं कुणी त्या शहरात असेल तर त्यालाही सोबत पाठवा. डॅलसचा माणूस डेट्रॉइटच्या मित्राला फोन करतो, तो शनिवारी जाऊन बघून येतो, हे आपल्या मंडळींत सहज घडतं. तो जाणकार नसला तरी गाडी खरोखर तिथे आहे आणि विकणारा खरा आहे, एवढं तरी नक्की होतं.

टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर आहे का? ‘आधीच्या मालकाने सही केलेलं कोरं टायटल आहे’ हे उत्तर आलं तर नोंदणीच्या वेळी तुमच्या राज्यात अडचण येऊ शकते. न्यू यॉर्कमध्ये 1972 आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल मिळतच नाही, हस्तांतरणीय नोंदणीपत्र मिळतं. म्हणून तिथून घेताना आधी आपल्या राज्याच्या मोटार वाहन कार्यालयाला विचारून ठेवा. आजच्या गाड्यांसाठी कारफॅक्सवर जसा इतिहास मिळतो, तसा या जुन्या क्रमांकांवर मिळत नाही. म्हणून पावत्या, जुनी नोंदणीपत्रं, आधीच्या मालकांनी जपलेली चिठ्ठी-चपाटी, सगळ्याला किंमत आहे.

आता प्रत्यक्ष बोली. आधी हिशेब उलटा करा. समजा तुमच्याकडे एकूण 70,000 डॉलर आहेत आणि तुम्ही न्यू जर्सीत राहता. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ठिकाणी खरेदीदाराची फी बोलीच्या 5 टक्के. राज्याचा विक्रीकर 6.625 टक्के. वाहतुकीला 2,000 आणि आल्या आल्या करायच्या कामांना 3,000 बाजूला ठेवा. मग तुमची बोली 58,000 च्या वर जाऊ शकत नाही: फी 2,900, कर सुमारे 3,840, आणि बाकी सगळं धरून बेरीज 70,000 च्या आत जेमतेम बसते. हा आकडा कागदावर लिहून घरच्यांना दाखवून ठेवा. लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत हा कागदच कामी येतो.

ई-बेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, म्हणून तिथे शेवटच्या क्षणी बोली टाकण्याची पद्धत आहे. ब्रिंग अ ट्रेलरवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. त्यामुळे लपून बसण्यात अर्थ नाही. चिकाटीने कुणीतरी 500 वाढवत राहतो, तुम्हीही 500 वाढवत राहता, आणि अर्धा तास सरतो. प्रत्येक टप्पा लहान वाटतो, बेरीज लहान नसते. लिहिलेला आकडा गाठला की लॅपटॉप मिटायचा. राखीव किंमत नसलेल्या, म्हणजे नो रिझर्व्ह गाड्या स्वस्त पडतात हा समजही सोडून द्या. त्यांच्याकडे गर्दी जास्त असते, आणि भाव गर्दीच ठरवते. उलट राखीव किमतीला न पोहोचलेली गाडी लिलाव संपल्यावर विक्रेत्याशी बोलून कधीकधी बऱ्या भावात मिळते.

बोली जिंकल्यावर पैसे थेट विक्रेत्याला द्यायचे असतात. लिलाव चालवणारा बहुधा त्या व्यवहारात नसतो. बँक ट्रान्सफर करायच्या आधी खाते क्रमांक विक्रेत्याशी फोनवर बोलून, आवाज ऐकून पडताळा. ‘खातं बदललंय’ असा ईमेल मध्येच आला तर तो फसवणुकीचा समजा. शंका वाटली तर एस्क्रो, म्हणजे गाडी हाती येईपर्यंत पैसे त्रयस्थाकडे ठेवणारी सेवा वापरा. वाहतुकीला बंद ट्रेलर उघड्यापेक्षा बराच महाग पडतो, तरी नव्या टपाच्या आणि नव्या रंगाच्या गाडीसाठी तो घ्यावा. गाडी चढवताना आणि उतरवताना चालकासमोर फोटो काढा आणि डाग-ओरखडे पावतीवर लिहून घ्या. विमा गाडी चढवण्याआधी उतरवा, आणि तो ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा असू द्या. म्हणजे गाडी गेली तर ठरलेली रक्कम मिळते, घसारा कापला जात नाही. हॅगर्टीसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांचाच विमा करतात, आणि गाडी रोज कामावर नेणार नाही अशी त्यांची सहसा अट असते.

काही जण विचारतात, ही पुण्याला नेता येईल का? 2025 च्या सुरुवातीला पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम सैल झाले, त्याआधी 1950 पूर्वीच्याच गाड्यांना वाट होती. 2021 च्या नियमांनुसार अशा गाडीला महाराष्ट्रात VA मालिकेचा क्रमांक 20,000 रुपये फी भरून दहा वर्षांसाठी मिळतो. पण आयातीचे सगळे कर मिळून गाडीच्या मूळ किमतीच्या वर जातात, आणि व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. न्यायचीच असेल तर बोलीच्या आधी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून लेखी अंदाज घ्या.

गाडी दारात आली की लगेच हायवेला नेऊ नका. टायरवर डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी दहा वर्षांचे टायर बदला. आजच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा आणि आग विझवायचं छोटं सिलिंडर गाडीत ठेवा. 335 आणि 360 अश्वशक्तीच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन 10.75 ला 1 इतकं जास्त, म्हणून पेट्रोल प्रीमियमच. इंजिनात कारखान्याच्या पद्धतीचा कॅमशाफ्ट असेल तर झिंक जास्त असलेलं तेल लागतं. साध्या दुकानी तेलाने तो लवकर झिजतो. ब्रेकचं फ्लुइड बदला, चारही ड्रम उघडून बघा. सीटचे पट्टे फक्त कमरेचे असतील तर मुलांना मागे बसवण्याआधी खांद्याचे पट्टे बसवता येतात का, याची जाणत्या गॅरेजमध्ये चौकशी करा. पहिल्या चकरा घराच्या आसपास, दिवसाउजेडी, आणि प्रत्येक चकरेनंतर तळाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर कुठे काय ठिबकलंय ते बघा, जागा पेनाने खूण करून त्याचा फोटो मेकॅनिकला दाखवा. गळती कुठून आहे, हे तो त्यावरून पाच मिनिटांत सांगतो.